कुलूप आहे, दार नाही

१९९८ साली संगणकाच्या जगात एक चमत्कारिक प्रकार घडला. ए.एम.डी. या कंपनीने के-६-२ नावाची नवी, वेगवान चिप बाजारात आणली. तिच्या साडेतीनशे मेगाहर्ट्झच्या आणि त्याहून वेगवान आवृत्त्यांवर विंडोज ९५ सुरूच होईना. चिप चांगली, विंडोज अस्सल, आणि तरी पडद्यावर चूक झाल्याची पाटी! कारण पुढे कळले. विंडोज ९५ सुरू होताना यंत्राचा वेग अजमावण्यासाठी एक छोटे आवर्तन फिरवीत असे आणि त्याला लागलेल्या वेळेने भागाकार करीत असे. नवी चिप ते आवर्तन इतक्या चटकन उरके की भाजक नगण्य होई आणि भागाकार कोसळे. थोडक्यात, यंत्र फार हुशार निघाले म्हणून जुना कारकून बेशुद्ध पडला. त्यावर उताराही निघाला, कारण विंडोज ९५ तेव्हा तीनच वर्षांचे होते आणि ते वापरणारे जगभर होते. उतारा काढणे कुणाच्या तरी धंद्याच्या फायद्याचे होते. माझ्या मते साऱ्या प्रश्नाची नाडी या शेवटच्या वाक्यात आहे.

जुन्या संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चालत नाही, ही तक्रार सर्वांच्या ओळखीची आहे. यंत्र थकले, दुसरे घ्या, असे म्हणून ती मिटवलीही जाते. याच्या उलट प्रश्न विचारणारा माणूस मात्र विक्षिप्त ठरतो. नव्या यंत्रावर जुनी ऑपरेटिंग सिस्टीम बसवून हवी, असे म्हटले की दुकानदार आधी तुमच्या चष्म्याकडे आणि मग तुमच्या केसांकडे बघतो. म्हातारा नव्याला घाबरतो, एवढाच निष्कर्ष तो काढतो. वास्तविक असे मागणारे बहुतेक लोक भाबडे नसतात. त्यांच्यापाशी एखादे काम असते, आणि ते काम ज्या प्रोग्रॅमवर चालते तो प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालत नसतो. एखाद्या वजनकाट्याचा संगणक, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेतील यंत्र, भरतकामाचे मशीन, छापखाना. यंत्र ठणठणीत असते, पण त्याला हुकूम देणारा संगणक मरतो आणि नव्या संगणकाला त्याची भाषा येत नाही.

हे केवळ गरिबांचे दुखणे आहे असेही नाही. ७ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरील उड्डाणे खोळंबली, तेव्हा वैमानिकांना धुक्याची आणि दृश्यमानतेची माहिती पुरवणारी प्रणाली बंद पडली होती, आणि ती चालत होती विंडोज ३.१ वर. कादंबरीकारांपुरते बोलायचे तर जॉर्ज मार्टिन हे जगप्रसिद्ध लेखक आपल्या जाडजूड कादंबऱ्या डॉसवरच्या वर्डस्टारमध्ये लिहितात. २०१४ साली त्यांनी दूरचित्रवाणीवर हे सांगितले तेव्हा प्रेक्षक हसले. आम्ही वर्डस्टारवर हात बसवलेली माणसे मात्र हसलो नाही.

आता मराठीकडे येतो, कारण आपल्याकडे या गोष्टीला जी धार आहे ती इंग्रजीत लिहिणाऱ्याला समजायची नाही. मार्टिनसाहेबांची वर्डस्टारची फाइल कुठल्याही संगणकावर उघडली तर दोनचार चिन्हे इकडची तिकडे होतील, पण 'ए' हा 'ए'च राहील. १९९० च्या दशकात टंकलेल्या मराठी मजकुराचे तसे नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे प्रमाण १९९१ मध्ये ठरले होते, पुण्याच्या सी-डॅकने त्या दिशेने मोठे काम केले होते, आणि युनिकोडमधला देवनागरीचा तक्ताही इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला आहे. पण बाजार प्रमाणासाठी थांबत नाही. मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांनी आपापले फॉन्ट काढले आणि रोमन अक्षरांसाठी असलेल्या अडीचशे-एक खणांत देवनागरीचे तुकडे आपल्या सोयीने भरले. एकाने 'क' जिथे ठेवला तिथे दुसऱ्याने 'ळ'ची अर्धी शेपटी ठेवली. संगणकाच्या दृष्टीने ते मराठी नव्हतेच. ती होती रोमन चिन्हांची रास, आणि तिच्यावर मराठी मुखवटा. मुखवटा काढला, म्हणजे फॉन्ट नाहीसा झाला, की खाली उरतात डॉलरची चिन्हे, टोपी घातलेली स्वरचिन्हे आणि उलटी प्रश्नचिन्हे.

आणि हे मुखवटे फुकट नव्हते. चोरी होऊ नये म्हणून काही कंपन्यांनी सॉफ्टवेअरबरोबर एक कुलूप दिले. डोंगल हे त्याचे नाव. काड्यापेटीएवढा प्लॅस्टिकचा ठोकळा, संगणकाच्या मागे प्रिंटरची जाड केबल लागते त्या पोर्टमध्ये घट्ट बसवायचा. तो असेल तरच सॉफ्टवेअर उघडणार आणि तरच त्याचे फॉन्ट पडद्यावर येणार. त्या काळी आम्हांला हे गैर वाटले नाही. बँकेतल्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, तसा हा प्रकार. पण तिजोरीच्या दोन किल्ल्यांबरोबर तिजोरी बसवलेली भिंतही बँकेचीच असते, हे आमच्या ध्यानात यायला वीस वर्षे जावी लागली. नव्या संगणकांच्या मागून प्रिंटरचे ते पोर्ट कधीच गेले. कुलूप हातात आहे, पण ते ज्या दाराला लावायचे ते दारच बांधणाऱ्याने बुजवून टाकले आहे.

माझ्या एका कादंबरीची अंतिम, मुद्रिते तपासून दुरुस्त केलेली प्रत अशा फाइलमध्ये आहे. पेजमेकरमध्ये जुळवलेली, तीनशे चाळीस पाने. पुस्तक बाजारात नाही. प्रकाशक पुन्हा काढायला तयार आहेत, पण त्यांचे म्हणणे छापील प्रतीवरून पुन्हा टंकून घेऊ. ज्याने आयुष्यात एकदा तरी मुद्रिते वाचली आहेत तो जाणतो की पुन्हा टंकणे म्हणजे नव्या चुकांना आमंत्रण. तीनशे चाळीस पानांत नव्याने झालेल्या चुका शोधण्याएवढे डोळे या वयात माझ्याकडे नाहीत. फाइल सुरक्षित, सॉफ्टवेअरची सीडी सुरक्षित, कुलूप सुरक्षित, पैसे मोजल्याची पावतीसुद्धा सुरक्षित. (बँकवाल्याकडे पावती नसेल तर कुणाकडे असणार?) ज्या संगणकावर हे सगळे चालत होते त्याचा मदरबोर्ड मात्र जळला. सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीला पत्र लिहिले. नवी आवृत्ती विकत घ्या, जुन्या फाइलींची हमी देता येणार नाही, असे दोन ओळींचे उत्तर आले. तिचे नाव घेण्याचे कारण नाही. तिच्या जागी दुसरी असती तरी याच दोन ओळी आल्या असत्या.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जी दुकाने आहेत, तिथे जुने सामान धुंडाळणारा एक तरुण मला कुणीतरी सुचवला. त्याने माझे म्हणणे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न योग्य तोच विचारला, "काका, आभासी संगणक करून देऊ का? नव्या विंडोजच्या पोटातच जुनी विंडोज चालते." पुष्कळांना हाच उपाय पुरतो आणि ज्यांना पुरतो त्यांनी पुढचा खटाटोप करू नये. आमच्या बाबतीत मात्र कुलूप त्या आभासी घरापर्यंत पोहोचेना. शिवाय सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्रॅम सोळा बिटांच्या जमान्यातला, आणि चौसष्ट बिटांची कुठलीही विंडोज त्याला उंबऱ्याच्या आत घेत नाही. म्हणजे बत्तीस बिटांची जुनी विंडोज खऱ्याखुऱ्या यंत्रावर बसवणे भाग होते. आम्ही विंडोज ७ निवडले.

पुढचे आठ दिवस त्या मुलाने जे केले ते मी खुर्ची टाकून पाहिले. एखादी कसबी माणसाची कारागिरी बघावी तसे. नवे बोर्ड घेताना त्याने वेग पाहिला नाही, त्याने बोर्डावरच्या पिना मोजल्या. काही नव्या बोर्डांवर प्रिंटर पोर्टसाठी पिनांची एक जोडओळ अजून असते, मागच्या बाजूला तिची खिडकी तेवढी काढून टाकलेली असते. शे-दीडशे रुपयांची पट्टी जोडली की खिडकी परत उघडते. हे बोर्ड त्याने शोधून काढले. मग जुन्या पद्धतीने संगणक सुरू करण्याची सोय त्यात शिल्लक आहे ना, ते पाहिले. ही सोय २०२० पर्यंत काढून टाकणार असल्याचे इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केले होते आणि आताच्या कितीतरी यंत्रांत ती नाही. सिक्युअर बूट बंद केले. विंडोज ७ ची सीडी घातली, खिडक्यांचे चित्र आले, भाषा निवडा असा प्रश्न आला, आणि माउस हलेना. कीबोर्डही मुका.

मला वाटले यंत्र अडकले. "अडकलं नाही काका, त्याला हात दिसत नाहीयेत," तो म्हणाला. २००९ साली निघालेल्या विंडोज ७ ला यू.एस.बी.ची तिसरी आवृत्ती मुळात ठाऊक नाही. २०१५ नंतरच्या बोर्डांवर हळूहळू सगळी पोर्ट त्याच जातीची झाली. त्यामुळे कीबोर्ड जोडलेला असतो, त्याचा दिवा लागलेला असतो, आणि विंडोज समोर बसून वाट पाहत असते की कुणीतरी काहीतरी टंकेल. त्याने माळ्यावरून गोल पिनांचा एक पिवळट पडलेला कीबोर्ड काढला आणि बोर्डाच्या मागच्या जांभळ्या भोकात खोवला. काम पुढे सरकले. एन.व्ही.एम.ई. जातीची नवी डिस्क विंडोज ७ ला दिसत नाही, तिच्यासाठी वेगळा तुकडा जोडावा लागतो, म्हणून त्याने आधीच साधी साटा डिस्क लावली होती. मग चित्राचा प्रश्न. बोर्डातल्या चित्रयंत्रणेला विंडोज ७ साठी ड्रायव्हरच काढलेला नाही, त्यामुळे सारे पसरट दिसे, 'ठ'चे वाटोळे अंडाकृती होई. कुठूनसे जुने ग्राफिक्स कार्ड आणून ते गोल केले. आणि यू.एस.बी.? त्यासाठी कुण्या परदेशी हौशी माणसाने कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये आपल्या हाताने दुरुस्ती करून ठेवली होती, ती वापरली. या अनामिक माणसाला काय मिळाले असेल कोण जाणे. कंपनीने जे करायला हवे होते ते त्याने रात्री जागून केले.

नेटवर्कचा ड्रायव्हर शोधू का, असे त्याने विचारले तेव्हा मी नको म्हणालो. त्याचे कारण पुढे सांगतो.

कुलूप लागले. सॉफ्टवेअर उघडले. पहिल्या पानावर माझे नाव मराठीत उमटले.

वाचक म्हणतील, झाले ना काम, मग तक्रार कशाची? तक्रार अशी की यातला एकही अडथळा निसर्गनियमाने आलेला नव्हता. यंत्राची ताकद कमी पडली असती तर बोलणेच खुंटले असते. इथे यंत्र जुन्या सिस्टीमपेक्षा कितीतरी पटींनी समर्थ होते, मध्ये दुभाषा तेवढा नव्हता. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. तो कोणत्या भाषेसाठी नेमायचा हे यंत्र बनवणारा ठरवतो आणि यंत्राची भाषा इतरांना शिकवायची की नाही हेही तोच ठरवतो. कधी कधी तर दुभाषा असूनही त्याला घरी बसवले जाते. जानेवारी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की यापुढच्या नव्या प्रोसेसरांना फक्त सर्वांत नव्या विंडोजचा आधार मिळेल. २०१७ च्या एप्रिलपासून इंटेलच्या सातव्या पिढीच्या आणि ए.एम.डी.च्या रायझन चिपांवर विंडोज ७ चालवणाऱ्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे बंद झाले. विंडोज ७ ची जाहीर मुदत तर १४ जानेवारी २०२० पर्यंत होती. कर्जाची मुदत तीन वर्षे शिल्लक असताना, कर्जदाराने घराला नवा रंग दिला म्हणून आम्ही कर्ज परत मागितले असते, तर लोकांनी शाखेवर मोर्चा आणला असता आणि तो योग्यच ठरला असता.

आता दुसरी बाजू. ती मला पटते आणि ती मी नोकरीत पाहिली आहे. जुनी सिस्टीम नेटवर्कला जोडून ठेवणे म्हणजे रात्री शाखेचे शटर उघडे टाकून जाणे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांपूर्वी मुदत संपलेल्या एक्स.पी.साठीदेखील दुरुस्ती काढली. यावरून धोका किती मोठा होता ते दिसते. आपल्याकडे असंख्य ए.टी.एम. एक्स.पी.वर चालत होती. रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना टप्पे आखून दिले आणि जून २०१९ पर्यंत सगळी यंत्रे नव्या सिस्टीमवर नेण्यास सांगितले. हा आदेश रास्त होता. लोकांचे पैसे ज्या यंत्रात आहेत त्याला नॉस्टॅल्जिया परवडत नाही. माझ्या त्या संगणकाला मी नेटवर्कची तार लावू दिली नाही ती याचसाठी. त्यातून काही बाहेर न्यायचे तर सीडी जाळून नेतो. पण सुरक्षेचे हे कारण दाखवून सगळेच जुने बंद पाडणे, हे मला मान्य नाही. तार नसलेल्या, एका खोलीत एकच काम करणाऱ्या संगणकापासून जगाला कसला धोका?

बँकेत असताना एका गोष्टीची सवय लागली होती. १९८४ साली डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे शाखांत ए.एल.पी.एम. नावाची खतावणी यंत्रे आली. संघटनांचा विरोध, वाटाघाटी, करार, हे सगळे आमच्या पिढीने जवळून पाहिले. त्यापूर्वीची लेजरे लाल कापडात बांधून रेकॉर्ड रूममध्ये जात. कागदपत्रे किती काळ जपायची याचे १९८५ चे नियम आहेत, काही पाच वर्षे, काही आठ. वाळवी, ओल, उंदीर यांची काळजी घेतली की झाले, कारण लेजर वाचायला लेजरखेरीज काहीही लागत नाही. डोळे आणि उजेड असला की पुरे. संगणक आल्यावर 'जपणे' या शब्दाचा अर्थ बदलला. फ्लॉपी कपाटात नीट ठेवणे म्हणजे मजकूर जपणे नव्हे. फ्लॉपी, ती वाचणारे यंत्र, ते यंत्र ओळखणारी सिस्टीम, त्या सिस्टीमवर चालणारे सॉफ्टवेअर आणि त्याचे कुलूप, अशी पाच जणांची साखळी जपायची. त्यातला एक गेला की उरलेले चार असून नसल्यासारखे.

ही साखळी मराठीपुरती कुणी जपली आहे काय? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला, त्याचा आनंद मलाही झाला. ताम्रपट आणि शिलालेख शोधून आपण तो मिळवला. पण १९९० पासून पुढची पंधरा-वीस वर्षे मराठीत जे टंकले गेले ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखापेक्षा वाचायला अवघड होऊन बसले आहे. दिवाळी अंक, शब्दकोशांची कच्ची कामे, संस्थांचे इतिवृत्त, प्रबंध, नाट्यसंहिता. विंडोज २००० पासून देवनागरी सिस्टीममध्येच आली, तरी छापखाने पेजमेकर सोडीनात, कारण पेजमेकरला युनिकोड कळत नव्हते आणि कामगारांचा हात पेजमेकरवर बसला होता. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. तिच्यावर मराठी प्रकाशन व्यवसायाने किती वर्षे काढली ते सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अक्षरजुळणीवाल्याला विचारा.

या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, मीही एक वापरतो आहे. पण तेही डोळे मिटून चालत नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते म्हणून फाइलीतही ती आधीच साठवलेली असे. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम, म्हणजे आधी क आणि मागून वेलांटी. रफाराचे याच्या बरोबर उलटे. रूपांतर करणारा जरा गाफील राहिला की वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. आणि आपल्या 'ऱ्य'चे काय? माझ्या कादंबरीत लग्नघरचा एक आचारी आहे. पहिल्या रूपांतरात 'आचाऱ्याने पंगत वाढली' याचे 'आचार्याने पंगत वाढली' असे झाले! एवढा मोठा विद्वान माणूस वरणभात वाढू लागलेला पाहून मी खुर्चीतच हसत बसलो. पण हा फरक ओळखायला मूळ पान जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांसमोर हवे. ते नसेल तर चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही आणि तोच पाठ पुढे खरा म्हणून चालेल. जुनी सिस्टीम चालू ठेवायची ती यासाठी. नवा मजकूर तिच्यात लिहायला नको, जुना ताडून पाहायला ती हवी.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या हक्कासाठी समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे, वाहने यांपासून आरंभ केला. सुटे भाग आणि माहितीपत्रके ग्राहकाला मिळावीत, हा त्यामागचा विचार. याच विचारात ड्रायव्हर बसायला हवा. कंपनीने जन्मभर प्रत्येक सिस्टीमसाठी राबावे असे कुणी म्हणत नाही. परंतु ज्या यंत्राचा किंवा सॉफ्टवेअरचा आधार तिने काढून घेतला, त्याची भाषा तिने जाहीर करावी आणि त्याची कुलपे उघडी करून द्यावीत. जे ती स्वतः विकत नाही त्यात तिचे कोणते गुपित उरले? परदेशातला तो हौशी माणूस ते काम चोरून करतो, तेच उजळ माथ्याने करू द्यावे.

कायदा व्हायला वर्षे लागतील. मधल्या काळात एक काम लगेच करता येण्यासारखे आहे. राज्य मराठी विकास संस्था १९९२ पासून आहे, साहित्य संस्कृती मंडळ तर १९६० पासून. यांपैकी कुणीतरी एक खोली द्यावी. तिथे चालू स्थितीतले चारपाच जुने संगणक, एकदोन फ्लॉपी ड्राइव्ह, त्या काळच्या प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरची एकेक प्रत आणि तिचे कुलूप असावे, आणि बुधवार पेठेतल्या त्या मुलासारखा एक जण पगारावर असावा. लेखकांनी, छापखान्यांनी आपल्या फ्लॉप्या आणि सीड्या घेऊन यावे, मजकूर युनिकोडमध्ये करून, मूळ पानाशी ताडून घेऊन जावा. कुलपे बाजारात मिळत नाहीत, हे खरे. पण बंद पडलेल्या छापखान्यांच्या ड्रॉवरमध्ये, रबर स्टॅम्प आणि गंजलेल्या स्टेपलर पिनांच्या शेजारी ती अजून पडलेली आहेत. ते ड्रॉवर रद्दीवाल्याकडे जाण्याआधी कुणीतरी तिथे जाऊन मागितले तर मालक ती फुकट देतील. मला दोन मिळाली आहेत.